नळातले ठोके आणि जप्त केलेले मुसळ

पिंपरी, दिनांक २६ मार्च १९५७

प्रति,
मेहेरबान वसाहत अधिकारी साहेब,
कामगार वसाहत कचेरी,
पिंपरी, तालुका हवेली, जिल्हा पुणे.

विषय : ब्लॉक 'क', खोली क्रमांक १४ खाली करण्याची नोटीस रद्द करून माझ्या पत्नीवरील खोटा आरोप काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कचेरीची दि. १ मार्चची नोटीस. २) दि. ५ मार्चचा जप्तीनामा. ३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांची पोचही मिळालेली नाही.

महोदय,

१. मी कारखान्याच्या बॉयलर विभागात पाइप फिटर आहे. मूळ राहणार भूम, जिल्हा उस्मानाबाद. दोन वर्षांपासून वरील खोलीत पत्नी सौ. सुभद्राबाई व दोन मुली यांच्यासह वरच्या मजल्यावर राहतो. माझी पत्नी वरच्या मजल्यावर उखळात कांडण करते, त्याच्या दणक्याने खालच्या खोलीचा गिलावा पडतो, सबब ३१ मार्चपर्यंत खोली खाली करावी, अशी नोटीस मला बजावण्यात आली आहे. तीन अर्ज मी नम्रपणे लिहिले. हा चौथा लिहिताना मला या सगळ्या प्रकरणाची शिसारी आली आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाषेत काही कमीजास्त झाल्यास माफी असावी.

२. मुळात ठोके सुरू कधी झाले, हे कोणीच विचारलेले नाही. वसाहत बांधताना प्रत्येक नळाच्या वर दोन फूट उंचीची, वरून बूच मारलेली एक उभी नळी बसवली होती. जानेवारीत वसाहत निरीक्षक श्री. अर्जुनराव निगडे यांनी पाहणी केली. ज्या नळीला तोंड नाही व जिच्यातून पाणी येत नाही ती निरुपयोगी, असे ठरवून त्यांनी आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या नळ्या कापून नेल्या. काटकसरीबद्दल त्यांना शाबासकीचे पत्र मिळाले, ते कचेरीच्या फळ्यावर अजून लावलेले आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आले आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पहिला ठोका पडला. मुली दचकून उठल्या.

३. खालच्या खोली क्रमांक ६ मधील श्रीमती कौशल्याबाई यांनी आवाजाची तक्रार केली. त्यात त्यांची चूक नाही, डोक्यावर रोज धाडधाड झाल्यावर माणूस तक्रार करणारच. परंतु निगडे साहेबांनी वर येऊन दाराआड ठेवलेले मुसळ पाहिले आणि तपास तिथेच संपवला. वसाहतीच्या नियमाप्रमाणे सुभद्राबाई मसाला खाली अंगणातच कांडते, हे अख्खा ब्लॉक सांगेल. साहेब मात्र नोटीस बजावून झाल्यावर, ५ मार्चला सकाळी अकरा वाजता दोन पंच घेऊन आले. पाणी सातला जाते, त्यामुळे नळ कोरडा. त्यांनी तो कोरडा नळ फिरवून पाहिला व लिहिले, "नळातून कसलाही आवाज येत नाही." मग स्वतः मुसळ उचलून फरशीवर आपटले व लिहिले, "आवाज तंतोतंत जुळतो." अहो, मुसळ आपटल्यावर आवाज होणार नाही तर काय होणार?

४. मुसळ जप्त झाले. त्याच वेळी एका कागदावर सुभद्राबाईची सही घेण्यात आली. ही गोष्ट मला सर्वांत जास्त झोंबते, म्हणून सविस्तर लिहितो. माझी पत्नी शाळेत गेलेली नाही. वसाहतीत साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा दिवाळीपासून ती रोज दुपारी पाटी घेऊन जाऊ लागली. तिला नुकतेच स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले होते, जोडाक्षर मात्र अजून अडत होते. निगडे साहेब म्हणाले, बाई, ही मुसळ मिळाल्याची पावती आहे. शिपायाने शाईची डबी अंगठ्यासाठी पुढे केली. तिने ती बाजूला सारली, लेखणी मागितली आणि आयुष्यातली पहिली सही केली. संध्याकाळी मी पाळीवरून आलो तेव्हा मोठ्या हौसेने तिने मला नक्कल दाखवली. मी वाचली. तो कबुलीजबाब होता. "मी वरच्या मजल्यावर कांडण करीत असते व त्याबद्दल दिलगीर आहे." तेव्हापासून ती वर्गाला गेलेली नाही. पाटी फडताळावर पालथी पडली आहे.

५. मुसळ आपल्या कचेरीच्या कपाटात कुलपात गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला ठोका पडलाच. यावर कोणालाही शंका यायला हवी होती. निगडे साहेबांना आली ती अशी, की आम्ही दुसरे मुसळ दडवले आहे. पुन्हा झडती झाली. ज्वारीच्या डब्यात काठी खुपसून पाहिली. माझ्या पत्नीची लुगड्यांची ट्रंक परक्या पुरुषांसमोर उपसली. शी! लिहितानासुद्धा किळस येते. सुभद्राबाई तेव्हा एवढेच म्हणाली, तिचे शब्द जसेच्या तसे देतो : "घर सोडा म्हनलात तर सोडते. पन म्या कांडलंच न्हाई, तर कबूल कशी व्हऊ?"

६. शेवटी मीच शोध घेतला. पहाटे पाणी आल्यावर भिंतीतल्या उभ्या पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. आमचा नळ बंद, तरी ठोका. मग मुलीला खाली पाठवून विचारले, तर नेमक्या त्याच क्षणी कौशल्याबाईंनी घागर भरून नळ बंद केला होता. हे नळ पाव फेऱ्यात बंद होणारे आहेत. कौशल्याबाई मळ्यातल्या, हाताला जोर दांडगा, त्या नळाचा कान एका झटक्यात पिळतात. भरधाव बैलगाडी एकदम अडवली तर गाडीतला माल पुढे येऊन आदळतो, तसे वाहते पाणी अडून पाइपाला हिसका देते. आमच्या भिंतीत पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प सैल झाल्याने पाइप भिंतीवर आपटतो. पूर्वी तो हिसका बूच मारलेल्या नळीतली हवा दबून झेलत असे. तिच्यातून पाणी न येणे हेच तिचे काम होते.

७. मी कौशल्याबाईंना नळ हळू बंद करायला सांगितले, आवाज नाही. झटक्यात बंद केला, धाड! चार वेळा करून पाहिले. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया! म्हंजी माज्या डोस्क्यावर मीच कांडतीया व्हय!" त्या तशाच ओल्या हातांनी वर आल्या आणि सुभद्राबाईच्या पाया पडू लागल्या. मग तक्रार मागे घ्यायला कचेरीत गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आले, की आवक रजिस्टरला चढलेली तक्रार मागे घेता येत नाही.

८. कापलेल्या नळ्यांपैकी एक परत मागावी म्हणून मी निगडे साहेबांच्या घरी गेलो. नळ्या परसात सापडल्या. आठ-दहा एकत्र बांधून त्यांवर दोडक्याचा वेल चढवला आहे. वेल चांगला लागला आहे. मी तिथूनच परतलो. दापोडीच्या भंगारवाल्याकडून एक तुकडा घेतला, पावती सोबत जोडली आहे, आणि रविवारी २४ तारखेला कौशल्याबाईंच्या नळावर बूच मारून बसवला, आमचा क्लॅम्प आवळला. तेव्हापासून एकही ठोका नाही. वसाहतीच्या पाइपाला परवानगीशिवाय हात लावला, हा माझा गुन्हा मी कबूल करतो. माझा कबुलीजबाब मी वाचून लिहितो आहे.

९. आता कळस पाहावा. काल सोमवारी निगडे साहेबांनी फाइलवर शेरा मारला : "मुसळ जप्त केल्यापासून उपद्रव थांबला. सबब आरोप सिद्ध." म्हणजे ठोके पडले तर माझी बायको गुन्हेगार, आणि मी ते थांबवले तरी माझी बायको गुन्हेगार! वीस वर्षे पाइप जोडतोय, साहेब, पण असे तुंबलेले डोके मला कुठल्या गटारातही सापडले नाही.

१०. तरी विनंती एकच. शनिवारी ३० तारखेला पहाटे साडेपाचला आपण जातीने यावे. मी नळी काढून, क्लॅम्प सैल करून ठेवीन. सुभद्राबाई अंगणात आपल्याशेजारी रिकाम्या हातांनी उभी राहील. कौशल्याबाई त्यांच्या सवयीप्रमाणे नळ बंद करतील. ठोका पडला नाही, तर आम्ही त्याच दिवशी खोली सोडू, वळकट्या बांधून ठेवल्या आहेत. ठोका पडला, तर नोटीस रद्द व्हावी, पाइपाला हात लावल्याची शिक्षा मला एकट्याला व्हावी, मुसळ ज्यांनी खाली नेले त्यांनीच जिना चढून परत आणून द्यावे, आणि तो जप्तीनामा फाडावा. फाडताना सहीचा तुकडा तेवढा आम्हाला द्यावा.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
रंगराव भिमाजी सांगळे
पाइप फिटर, बॉयलर विभाग

सोबत :
१. दि. १ मार्चची नोटीस.
२. जप्तीनाम्याची नक्कल.
३. भंगारवाल्याची पावती.
४. श्रीमती कौशल्याबाई यांचे तक्रार मागे घेतल्याचे निवेदन, जे कचेरीने घेतले नाही.

ता. क. : हा अर्ज मी स्वतः वाचला. दोन रात्री लागल्या. सगळा खरा हाय.

सुभद्रा रंगराव सांगळे