खिडकी असलेलं घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचा (आता निवृत्त), जन्मापासून बहिरा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी सांगितलं म्हणून नव्हे तर मला वाटलं म्हणून, माझ्यामागे कोणाला काय मिळावं हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो.

शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तपासताना त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "यांना कळतंय ना सगळं?" मी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. दाखला हातात आल्यावर त्यातल्या दोन चुकांवर लाल पेन्सिलीने खुणा करून परत केला. नंतर आलेली प्रत निर्दोष आहे, तीच जोडली आहे.

या कागदात जिथे 'म्हणालो', 'म्हणाली' असं येईल तिथे ते हातांनी, असं समजावं. कोणी तोंडाने बोललं असेल तर तसं लिहिलं आहे. आमच्या लोकांत नावही हातांनीच ठेवतात. माझं नाव तळहात पालथा करून घेतात, म्हणजे 'उलट्या'. खिळ्यांच्या ओळी उलट्या वाचायची सवय मला इतकी जडली की समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र मी त्याच्याआधी वाचून मोकळा होतो.

कलम पहिले. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा ओटा, माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती ऐकू येणारी आहे. पाच वर्षांची असल्यापासून ती आम्हा नवराबायकोसाठी दुकानदार, शाळामास्तर आणि दवाखाना यांच्याशी बोलत आली. एकदा शाळेतून तिच्याचबद्दलची तक्रार आली, तीही तिनेच आम्हाला समजावून सांगितली, आणि एक शब्द गाळला नाही. अशा मुलीला आणखी काय शिकवायचं? एकच अट: दाराची कळ दाबली की दिवाणखान्यात जो दिवा लुकलुकतो तो काढू नये. तिची मुलगी, माझी नात, माझ्यासारखी बहिरी आहे. तिला पाहुणे आलेले कळायला हवेत.

कलम दुसरे. भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ माझ्या थोरल्या भावाला परत. हे त्याने आमच्या लग्नात भेट दिलं होतं. नवरा बहिरा, नवरी बहिरी, आणि भेट म्हणून दर तासाला टोले देणारं घड्याळ! शेजाऱ्यांच्या नाकी नऊ आले, पण आमची कधी झोपमोड झाली नाही. दादा प्रत्येक कचेरीत माझ्यापुढे उभा राहून तोंडाने सांगायचा, "त्याला काही कळत नाही, मी सही करतो." वडिलांच्या जमिनीच्या कागदावरही त्याने तशी सही केली. तेव्हापासून त्याच्यासोबत कोणत्याही कचेरीत जायचं नाही, असा मी कानाला खडा लावला. माझ्या कानांचा तेवढा तरी उपयोग झाला. आता राग उरलेला नाही. घड्याळाला दर रविवारी किल्ली द्यावी लागते, आणि दादाला अजून उत्तम ऐकू येतं.

कलम तिसरे. खिळे जुळवायची माझी पितळी स्टिक, चिमटा आणि भिंग नातीला. ती आठ वर्षांची आहे आणि तिला उलटं वाचता येतं. हे मी शिकवलेलं नाही.

कलम चौथे. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

माझ्या पलंगाखालच्या पेटीत, जाड कागदात गुंडाळलेला, सुतळीने घट्ट बांधलेला खिळ्यांचा एक गठ्ठा आहे. सहा ओळी, वजन साधारण अर्धा किलो. तो माझ्यामागे प्राध्यापकबाईंना द्यावा. आम्ही त्यांचं नाव कपाळावर दोन बोटं टेकवून घेतो, कारण चष्मा तिथे ठेवून त्या तो घरभर शोधत असतात.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाईंनी आमच्या भाषेचा पहिला कोश केला. तोवर आम्ही जे करत होतो त्याला ऐकणारे लोक 'हातवारे' म्हणत आणि शाळेत त्याबद्दल हातावर छड्या बसत. बाईंनी विद्यापीठात ठणकावून सांगितलं की ही पुरी भाषा आहे. आमच्यातल्या चौघांना निवडून त्यांनी प्रत्येक खुणेची फिल्म घेतली. मी माहितीदाता क्रमांक दोन. क्रमांक तीन ही काज-बटणं करणारी एक मुलगी होती. कॅमेरा बंद झाला की ती माझ्या शर्टाकडे बघून म्हणायची, "वरचं बटण कोणी टाचलंय इतक्या घाईत, चोराने?" पुढच्या वर्षी मी क्रमांक तीनशी लग्न केलं. ती जाऊन सहा वर्षं झाली.

त्या फिल्मच्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताची अनामिका छपाईच्या यंत्रात चेंगरली होती. बाई परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलेल्या. कॅमेरावाल्याला माझी पट्टी पांढरी, चकाकणारी वाटली, म्हणून त्याने ती काढायला लावली. बोट दुखत होतं, ते मी मिटून धरलं. त्या दिवशी 'घर' ही खूण होती. दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून उतरतं छप्पर करायचं. माझ्या छपरात एक बोट कमी, म्हणजे मधे एक भोक.

बाईंनी फिल्म पाहिली आणि त्या भोकात त्यांना खिडकी दिसली. त्यावर त्यांनी बावीस पानांचा निबंध लिहिला: कानांवर भिस्त नसलेल्या माणसाच्या लेखी घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे, बाहेर कोण आलं ते दिसेल अशी खिडकी. तो निबंध परदेशांत गाजला. त्यावर बाई प्राध्यापक झाल्या.

आता माझा गुन्हा. कोश आमच्याच छापखान्यात आला आणि जुळवणीला माझ्याच हाती. खिडकीचं चित्र मी छापण्याआधी पाहिलं होतं. एक चिठ्ठी लिहिली असती तर काम झालं असतं. पण त्याआधी मी प्रस्तावना जुळवली होती. तिथे पान दोनवर कुलगुरूंचे आभार होते, कॅमेरावाल्याचे होते, चहा आणून देणाऱ्याचेसुद्धा नावानिशी होते. आणि आम्ही? 'चार कर्णबधिर माहितीदाते.' ते तीन शब्द मी माझ्या हाताने जुळवले. मला इतका राग आला की चित्र तसंच जाऊ दिलं.

राग वर्षभरात ओसरला आणि लाज वाटायला लागली. मी एक शुद्धिपत्र जुळवलं: 'घर' ही खूण चुकली आहे, बोट दुखत होतं, खिडकी नाही. पण दुसरी आवृत्ती दुसऱ्या छापखान्यात गेली आणि गठ्ठा पलंगाखाली गेला. मग बाईंचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं, माझ्या मुलीच्या बारशापासून बायकोच्या शेवटच्या दिवसापर्यंत. जितकी त्यांची माया वाढली तितके माझे हात जड झाले.

मागच्या सुट्टीत मी आपल्या या घराबद्दल सांगत असताना नातीने माझा हात धरून तो दुरुस्त केला. म्हणाली, "आजोबा, तुमचं घर चुकतं. हे बोट मिटायचं." शाळेत कोशावरूनच शिकवतात. आणि बाईंच्या विद्यार्थ्यांनी आता नवी आवृत्ती काढायला घेतली आहे. आता तसंच छापलं गेलं तर माझ्या दुखऱ्या बोटाला अंत नाही. बाईंना सगळं कळायला हवं. फक्त ते मी गेल्यावर कळावं, कारण त्यांचं तोंड बघायची माझ्यात धमक नाही.

कलम पाचवे. इथपर्यंत मागच्या आठवड्यात लिहून झालं होतं. पुढचं आज लिहितो आहे.

साक्षीदार म्हणून मी बाईंना बोलावलं होतं. त्यांच्या पुस्तकात माझं नाव नाही, निदान माझ्या कागदावर त्यांचं असावं, आणि तेही क्रमांक दोनवर, असा माझा खोडसाळ बेत होता. वकीलसाहेबांनी मसुदा वाचला आणि डोक्याला हात लावला. तोंडाने म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. एक तर सही घ्या, नाही तर हा गठ्ठा द्या." मुलीने ते मला हातांनी सांगितलं. मी म्हटलं, मग गठ्ठा आत्ताच देतो. पेटी ओढून गठ्ठ्यावरचा कागद काढला आणि तो बाईंपुढे ठेवला.

बाई एक्याऐंशीच्या आहेत. चष्मा कपाळावरून खाली घेऊन, एकेका खिळ्यावर बोट ठेवत, त्या उलट्या सहा ओळी त्यांनी वाचल्या. नंतर चौथं कलम वाचलं. मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो.

शेवटी त्या माझ्या शेजारी बसलेल्या नातीकडे वळल्या. म्हणाल्या, "घर करून दाखव." तिने बोट मिटून केलं. "आता आजोबांचं कर." तिने सगळी बोटं ताठ ठेवून केलं.

"दोन्ही एकच ना?" बाईंनी विचारलं.

नातीने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हा दोघांनाही काही कळत नाही. "एकच कसं? हे नुसतं घर. रिकामं, नाही तर दुसऱ्या कोणाचं. आणि हे आपलं. खिडकी आहे ना त्याला."

"असं कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आम्ही सगळी मुलं तसंच म्हणतो."

बाई हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "बावीस पानं मी खोटी लिहिली, तुम्ही खोटी राहू दिलीत, आणि या पोरांनी ती खरी करून टाकली. नव्या आवृत्तीत दोन्ही घरं जातील, तुमच्या दुखऱ्या बोटाच्या गोष्टीसकट. पण शुद्धिपत्र मात्र काढायचंच. माझ्या कोशात एक चूक आहे आणि ती पान दोनवर आहे. ती मला पंचेचाळीस वर्षं दिसली नाही, याची मला फार शरम वाटते."

त्यांनी पर्समधून कागद काढला आणि आम्हा चौघांची पूर्ण नावं लिहिली. क्रमांक तीनचं लग्नाआधीचं नावही त्यांना पाठ होतं.

माझ्या बायकोचं नाव मी रेशनकार्डावर पाहिलं होतं, दवाखान्याच्या पट्टीवर पाहिलं होतं. पुस्तकात छापलेलं कधीच पाहिलं नव्हतं. आयुष्यभर मी जगाची नावं जुळवली आणि तिचं एकदाही नाही. मी सगळ्यांसमोर रडलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सबब चौथ्या कलमातली देणगी रद्द. बाईंनी गठ्ठा माझा मला परत केला आहे. त्याची सुतळी मी सोडली. पान दोन मी स्वतः हाताने जुळवणार, बाईंचे विद्यार्थी त्याचा फोटो घेऊन छापणार, असं ठरलं आहे. बायकोच्या नावाला लागणारी सगळी अक्षरं त्या सहा ओळींत निघाली, एक सोडून. ते अक्षर शोधतो आहे. ते मिळून पान छापून हाती येईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. वकीलसाहेब म्हणतात, अशी अट कायद्यात बसत नाही. तरी लिहून ठेवतो.

वरील मजकूर मी लिहिला, मुलीने माझ्यासमोर हातांनी वाचून दाखवला, तो माझाच आहे याची खात्री करून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

लिहून ठेवणार: (सही) उलट्या, माहितीदाता क्रमांक दोन

साक्षीदार क्रमांक एक: (सही) डॉक्टर. यांना सगळं कळतं.

साक्षीदार क्रमांक दोन: (सही) कपाळावर चष्मा. क्रमांक मान्य.

ठिकाण: आपलं घर, पुढची खोली, खिडकीजवळ
तारीख: ११ मार्च २०२६, बुधवार