तांदळाच्या वाटीतला रुपया

अमरावती, २८ जुलै २०२५

ती. जानरावमामांस,
प्रणालीचा सा. न. वि. वि.

नाणं खोटं नाही, हे काल बँकेतल्या रोखपाल मॅडमनी सांगितलं. जुना, मोठा, खरा रुपया आहे. पण इतका झिजलेला त्यांनीही पाहिला नव्हता. माझ्या पर्समधल्या चिल्लरीत तो निघाला. भाजीवाली, ऑटो आणि चक्की, त्या दिवशी तिन्हीकडे सुटे घेतले, त्यामुळे कुणी दिला ते सांगता येत नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या बटणांच्या फोनवर फोटो दिसत नाही. म्हणून तुम्हीच लहानपणी शिकवलं होतं तसं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आहे. सिंहांची बाजू अगदी गुळगुळीत झाली आहे, आणि त्यावर तीन ताजे ओरखडे आहेत. दुसऱ्या बाजूच्या कणसांच्या खाचांत काहीतरी पिवळं साचलं आहे. चुंबकाला चिकटत नाही.

सासूबाईंनी ते पिवळं नखानं खरवडून वास घेतला आणि हळद आहे म्हणाल्या. कुणाच्या तरी देवाचा रुपया हाय, खर्चायचा नाही आन् आपल्या देवातही ठेवायचा नाही, असं बजावलं. आता तो खिडकीत तांदळाच्या वाटीत आहे. ज्याचा त्याला पोचल्याशिवाय महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांखालच्या धान्याच्या कोठ्या माळ्यावरून काढायच्या नाहीत, हेही ठरलं. मामा, या वर्षी पहिल्यांदा महालक्ष्म्या माझ्या हातानं बसायच्या आहेत. स्वयंपाक करता करता मी दहादा खिडकीशी जाते. नवरोबांचं, अमोलचं, भलतंच. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत असल्या नाण्याला लाख मिळतात म्हणे. मी वाटी लपवून ठेवते.

हा रुपया कुठला, ते सांगा. मामींना नमस्कार, आणि भाचीवर लोभ असाच राहू द्या.
तुमची प्रणाली

---

अकोला, १ ऑगस्ट

चि. सौ. प्रणालीस,
अ. उ. आ.

कागद भिंगाखाली धरून पाहिला. पहिलं म्हणजे नाणं चिंचेनं घासू नकोस. जी ओळख आहे ती त्या मळातच आहे.

अकोट-हिवरखेड गाडीवर मी जन्मभर तिकिटं फाडली. लोकांच्या हातची चिल्लर माझ्या झोळीत यायची. खिशात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी आणि कडेनं सारखं झिजतं. तुझं एकाच बाजूनं झिजलंय, कड मात्र शाबूत आहे. म्हणजे ते फिरलेलं नाही. एका जागी बसून होतं, आणि कुणी तरी वर्षानुवर्षं त्याला हळदकुंकू लावून अंगठ्यानं पुसत होतं. चुंबकाला चिकटत नाही हेही बरोबर. तो जुना रुपया पोलादाचा नव्हता.

ओरखडे ताजे आहेत आणि एकाच दिशेनं गेलेत. असे दगडाचे असतात. मला वाटतं, कुणाच्या तरी महालक्ष्मीच्या कोठीतला हा रुपया. विसर्जनानंतर तो काढून घ्यायचा राहिला, आणि आता कोठी रिकामी करताना गव्हाबरोबर दळायला गेला. तू चक्कीवाल्याला विचार. भाजीवालीला उगाच त्रास देऊ नकोस.

अमोलरावांना सांग, लाख आले की आधी मामाच्या कानाचं यंत्र घ्या. तुझ्या सासूबाईंना, दुर्गाबाईंना, रामराम. पत्राला उशीर करू नकोस, मलाही आता चैन पडायचं नाही.
तुझा मामा

---

अमरावती, ६ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा अंदाज खरा निघाला. चक्कीवाल्या गोपालभाऊंना आठवलं. दगडानं खडखड आवाज केला म्हणून त्यांनी चक्की थांबवली, तर रुपया निघाला. तो त्यांनी गल्ल्यात टाकला, आणि संध्याकाळी मला सुट्यांत दिला. गव्हाला हळद लागलेली होती, म्हणून डबा कुणाचा तेही लक्षात होतं. मागच्या गल्लीतल्या पार्बताबाईंची सून, ज्योत्स्ना. ती नंतर दोनदा येऊन चक्कीखालचं पीठ चाळून गेली. काय हरवलं विचारलं तर काही नाही म्हणाली.

मी नाणं घेऊन गेले. तिनं पाहिलं आणि मला ओढतच मोरीजवळ नेलं. रुपया तिच्या आजेसासूच्या वेळचा. दरवर्षी विसर्जनानंतर काढून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवायचा, तो गेल्या वर्षी तिच्याकडून राहून गेला. डबी रिकामी आहे हे सासूला अजून माहीत नाही. महालक्ष्म्या बसवताना त्या डबी उघडणार. तिचे डोळे सुजलेले होते.

मी रुपया तिच्या हातात ठेवला, तर तिनं परत केला. म्हणाली, माझ्या चुकीनं बाहेर गेलेली लक्ष्मी मी चोरून आत कशी आणू? तेवढ्यात पार्बताबाई दारात आल्या आणि मी साखर मागायला आले होते असं सांगून निघाले. साखर घ्यावीच लागली!

आता मालकीण सापडली तरी रुपया खिडकीतच. चोरून ठेवला तर ज्योत्स्नाला टोचेल, उघड दिला तर तिला बोलणी बसतील. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि सुपारी कातरत बसतात. मामा, काय करू?

उत्तर लवकर धाडा, माया आहेच.
तुमची प्रणाली

---

अमरावती, ११ ऑगस्ट

श्री. जानरावभाऊंस,
दुर्गाबाईचा रामराम.

तुमच्या भाचीचं पत्र पोचलं असंन. उत्तराची वाट पाहून पाहून पोरगी अर्धी झाली, म्हनून मीच लिहून राहिली. तुमी नान्याचं बरोबर वळखलं. पुढचं बायकांचं काम हाय.

शुक्रवारी, झेंडावंदन झालं का मंग, आपल्या घरी श्रावनाचं हळदीकुंकू ठेवलं. पार्बताबाईले मी सोता जाऊन सांगून आली, सुनेले घेऊनच या म्हनून. ज्योत्स्नाची ओटी परनाली भरन. खन, नारळ, वाटीतले तांदूळ, अन् त्याच तांदळात तो रुपया. चोरून नाही, सासूच्या डोयासमोर.

पार्बताबाई वळखतीनच. चाळीस वर्सं त्यायच्याच अंगठ्यानं तो गुळगुळीत झाला, त्या नाही वळखतीन त कोन वळखन? वळखू द्या. पन ओटीत आलेली लक्ष्मी कोनी परत करत नाही, अन् भरली ओटी घेऊन उभ्या सुनेवर चार बायकांत कोनी तोंड टाकत नाही. घरी जाईपर्यंत राग निवते. माह्या सासूचाही निवत होता.

अमोलले आत्ताच माळ्यावर चढवला हाय. त्याले मनलं, लाखाचं राहू दे, कोठ्यायची धूळ झाड. पन खाली आनू नको. शुक्रवारी पार्बताबाई ओटी घेतलेल्या सुनेसंगं आपला उंबरा ओलांडून घरी जातीन, तवाच पयली कोठी खाली येईन. परनाली शिडी धरन.

तुमी अन् वैनी महालक्ष्मीच्या जेवनाले या. ऐकू नाही आलं त काही बिघडत नाही, आंबीलीले कान लागत नाही. आमच्यावर जीव असू द्या.
दुर्गाबाई