उद्याच्या बाराचे पिस्तूल

ठाणे, माघ वद्य पंचमी, शके १८०५

उद्या सकाळच्या गाडीने कल्याणला. मामांच्या स्नेह्यांच्या यमूचे लग्न. वऱ्हाड वेशीत शिरताना बार काढावा, अशी तिच्या वडिलांची हौस. परवाना मामांचा, पण त्यांचा हात कापतो. तेव्हा बार काढायचा मी. यमूपायी मी कॉलेज अर्धवट सोडले, हे मामांना ठाऊक नाही. मामींना आहे.

पिस्तूल आणि बंदुकीची दारू एका पेटीत नकोत, म्हणून पिस्तूल पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. दारूचे शिंग फराळाच्या टोपलीत.

"दारू माझ्याजवळच राहील," मामी म्हणाल्या. "तुझं डोकं कधी फिरेल, नेम नाही."

"मग बार काय तोंडानं काढू?"

"काढ की. बोलतोस तर तसाच."

राहिल्या शिशाच्या गोळ्या. पिशवी बराच वेळ हातात धरून बसलो. का, कोण जाणे. नवऱ्या मुलाला तर मी पाहिलेलेही नाही. त्याचा काय दोष? पिशवी जड होती एवढे खरे.

"गोळ्या घेतल्यास का रे?" मामांनी ओटीवरून विचारले.

"बाराला गोळी लागत नाही, मामा."

पिशवी कोनाड्यात परत ठेवली. मामी दारातून पाहत होत्या.

उद्या हात तेवढा आभाळाकडे ठेवायचा.