उताराकडे तोंड

९ नोव्हेंबर

चि. साहेबांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर एवढं मोठं का, म्हणून घाबरू नकोस. लहान काढलं की माझं मलाच वाचता येत नाही, एवढंच. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि ठेवल्यावर विसरतोस, म्हणून हे लेखी.

इथे थंडी वेळेआधीच आली. सकाळी नळाला पाणी नसतं, नळाच्या तोंडाशी बर्फाची दांडी असते. कोट शिवायचा हंगाम, आणि मी काय करावं? गेल्या आठवड्यात पोस्टमास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. चाळीस वर्षं शिवणकाम करणारी बाई मी! ते बिचारे सज्जन. आरशासमोर उभे राहून म्हणाले, उजवा हात जरा अवघडतोय, पण थंडीमुळे असेल. मी उसवून पुन्हा लावली, तर आता खिसा आतल्या बाजूला गेलाय.

डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा पुरता पिकलाय. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर पलीकडच्या शहरातल्या इस्पितळात वर्षातून दोनदाच येतात. मला १८ जानेवारी मिळाली आहे, सकाळी नऊला हजर. ही चुकली तर पुढची पाळी जुलैत, आणि तोवर डोळा हाताबाहेर जाईल असं ते स्पष्ट म्हणाले. डोळा गेला की सुई गेली, आणि सुईशिवाय मला दुसरं काहीच येत नाही.

आता मुद्दा. पहिली बसच इथून नऊला सुटते. परत येताना धक्के चालणार नाहीत, बस नकोच म्हणाले. शेजारचे बेकरीवाले त्यांच्या गाडीतून न्यायला तयार आहेत, पण त्या दिवशी सगळ्या गावाचा पाव अडेल आणि गाव वर्षभर माझा डोळा काढेल. उन्हाळ्यात तू जेवता जेवता जाहीर केलं होतंस की यंदा गाडी घेणारच. अकरा वर्षं तू हे जाहीर करतो आहेस. यंदा खरं करशील का?

वहिनीला आशीर्वाद. लोभ आहेच, त्याला चाकं लागली तर बरं.

तुझी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. वाचून आधी घाबरलो, मग पोस्टमास्तरांचं वाचून हसलो, मग हसल्याची लाज वाटली.

मी येणार. स्वतःच्या गाडीने येणार. १७ तारखेला संध्याकाळी तुझ्या दारात.

आता कबुली. गाडी अजून घेतलेली नाही, पण तयारी जय्यत आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं नळांचे नकाशे काढणारा माणूस मी, तेव्हा गाड्यांचा तक्ता काढला आहे. चौदा गाड्या, बावीस रकाने. कचेरीतल्या तिघांनी या तक्त्यावरून गाड्या घेतल्या. त्यातल्या एकाने पहिली विकून दुसरी घेतली, तीही तक्त्यावरूनच. मी मात्र तेविसावा रकाना आखतो आहे. तुझी वहिनी म्हणते, लग्नाच्या वेळी तक्ता काढला असता तर ती सुटली असती.

तेविसावा रकाना असा: 'ढकलून सुरू होते का?' हसू नकोस. बाबांची ती बदामी गाडी आठवते ना? थंडीत कधी किल्लीने सुरू झाली होती ती? औषधांच्या पेट्या घेऊन दुकानादुकानांत फिरायचं तर सहाला निघावंच लागायचं, म्हणून बाबांचे ते दोन कायदे. संध्याकाळी गाडी घराच्या चढावर उताराकडे तोंड करून लावायची, आणि रात्री बॅटरी काढून घरात आणायची. माझ्याच पांघरुणात गुंडाळून शेगडीजवळ ठेवायचे. बॅटरी उबदार आणि मी कुडकुडतोय, असे किती हिवाळे गेले. एकदा काचेवरचं दव गोठलं म्हणून त्यांनी किटलीतलं उकळतं पाणी ओतलं आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. तो सगळा हिवाळा बाबा मान वाकडी करून तड्याखालून बघत गाडी चालवायचे.

तर काळजी नसावी. शब्द दिला आहे. एरवी माझ्या शब्दाचा भाव तुला माहीत आहे, पण लोभ तेवढा उतरू देऊ नये.

तुझा,
साहेब

३ डिसेंबर

चि. साहेबांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बेकरीवाल्यांच्या सूनबाईंनी वाचून दाखवलं. पांघरुणाचं वाचताना तिला तुझी फार दया आली. मला आली नाही.

कारण तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस. गाडी ढकलत कोण होतं? बाबा उजव्या बाजूला आणि मी डाव्या. आत साहेब, काचा वर, गळ्याभोवती माझा मफलर. हलकं माणूस आत, असा बाबांचा नियम होता. तू आठ वर्षांचा होतास आणि मी चौदाची, ठीक आहे. पण सोळाव्या वर्षी तू माझ्यापेक्षा पायलीभर जास्त भरत होतास, तेव्हा नियम बदलला. ज्याला काम येतं ते माणूस आत! मला काम येणार कुठून, मला कुणी कधी आत बसवलंच नव्हतं. गाडी सुरू झाली की तुम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत फेरी मारून यायचात आणि मी धुरात उभी राहून हात फुंकायचे.

रागावून लिहीत नाही. राग होता तेव्हा लिहिता येत नव्हतं, आणि आता लिहिता येतंय तर दिसत नाही. माझा मेळ असाच.

बटणांची काजं करणं सोडलंय. सुईत दोरा ओवायला शाळेतून येणाऱ्या पोरींना हाका मारते. त्या दहा-दहा सुया ओवून सुयांच्या गादीवर टोचून जातात, तेवढ्यात माझा दिवस भागतो. गाडीचं काय झालं ते कळव. तेविसाव्या रकान्यानंतर चोविसावा आखलास तर तिथे येऊन कान धरीन. कान दिसेल एवढं अजून दिसतं.

लोभ असू द्यावा, पण रकान्यात नको.

ताई

१५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. खरंच सांगतो, ढकलण्याची आठवण माझ्या डोक्यात नव्हतीच. माझ्या आठवणीत गाडी आपोआप पुढे जायची.

तर बातमी: गाडी घेतली!

आधी नव्या गाड्यांच्या दुकानात गेलो. टायवाल्या तरुणाने अर्धा तास स्क्रीन, बटणं, बसायची गरम गादी, सगळं दाखवलं. शेवटी मी विचारलं, ही ढकलली तर सुरू होते का. तो आत जाऊन आपल्या साहेबांना विचारून आला. त्यांचे साहेब बाहेर येऊन मला बघून गेले. नव्या बहुतेक गाड्या ढकलून सुरू होत नाहीत म्हणे, त्या फक्त ढकलल्या जातात. मग गाण्याच्या एका मास्तरांची जुनी घेतली. माझ्याआधी तिचे तीन मालक झाले. रंग कधीकाळी निळा असावा. मागचं दार फक्त आतून उघडतं, आणि डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजतो. मास्तर म्हणाले, सुरात आहे. कागद माझ्या नावावर करायला कचेरीत पाच खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कारकुनाने मला सांगितलं की कागदाप्रमाणे ही ट्रॅक्टर आहे.

बाबांचा कायदा मी पाळतो. रोज संध्याकाळी बॅटरी काढून तीन जिने चढवतो आणि पांघरुणात ठेवतो. इथे डिसेंबरातही लोक पंखा लावतात, पण सवय हवी. बाकी चालवण्याचं म्हणशील तर हात छान बसला आहे.

लोभ असावा. चारही चाकांचा नमस्कार.

साहेब

ता. क. वन्संना नमस्कार. हात छान बसला म्हणतात ते फाटकाच्या खांबावर. तीस वर्षांत यांनी गाडी चालवलेली नाही, आणि मनातून फार घाबरले आहेत. रोज पहाटे उठून रिकाम्या मैदानात गोल गोल फिरवतात. डावीकडेच वळतात, त्यामुळे सगळी आळी भोंग्याने उठते. बॅटरीचं ओझं घेऊन जिना चढताना बघून खालच्या आजोबांनी मला विचारलं की यांनी आणखी एखादी नोकरी धरली आहे का. पण येतील. तुमचं ३ तारखेचं पत्र खिशात घेऊन फिरतात. — तुमची वहिनी.

३० डिसेंबर

चि. साहेबांस आशीर्वाद.

आता एका पानावर सातच ओळी मावतात. म्हणून थोडक्यात. काल कात्री बोटाला लागली. फार नाही. दुकान बंद केलंय. बेकरीवाले अजून तयार आहेत. जमणार नसेल तर आत्ताच सांग, रागावणार नाही. पण येतो म्हणून आला नाहीस तर डोळा जाईल.

ताई

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बेकरीवाल्यांना सांग, पाव भाजा. मी येतोय.

तुझा,
साहेब

१८ जानेवारी, इस्पितळातून

सौ. हिस,
तुला माझ्या पत्राची सवय नाही, पण ताईला आत नेलं आहे, आणि बाहेर बाकावर मी एकटा आहे. लिहिलं तर वेळ जाईल असं वाटतं.

आधी महत्त्वाचं: नऊला दहा मिनिटं असताना पोचलो. आता काय झालं ते. हे तू लोकांना सांगणार आहेस हे धरूनच सांगतो.

काल अंधार पडता पडता पोचलो. नऊ तास गाडीत, अंगाचा काटकोन झालेला. गाडी चढावर लावली, उताराकडे तोंड करून, कायद्याप्रमाणे. आणि बॅटरी? जिथे लोक पंखा लावतात तिथे महिनाभर मी ती तीन जिने वाहिली. जिथे नळातून बर्फ लोंबतं, तिथे थकलो म्हणून गाडीतच ठेवली. म्हटलं, एक रात्र काय होतंय!

सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली. कट् झालं. पुन्हा फिरवली, तेव्हा कट्सुद्धा झालं नाही. काचेवर बोटभर बर्फ. ताई शाल पांघरून, पिशवी घेऊन दारात उभी. बेकरीवाले पाव घेऊन केव्हाच गेलेले, ते माझ्याच सांगण्यावरून. तिने पिशवी खाली ठेवली आणि सवयीने गाडीच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बासष्ट वर्षांची बाई, एका डोळ्याने आंधळी, दोन्ही हात गाडीला लावून.

मी तिला म्हणालो, ताई, तू आत बस.

ती म्हणाली, तिला दिसत नाही. मी म्हणालो, रस्ता सरळ आहे, रिकामा आहे, उजव्या डोळ्याला दिसेल तेवढं पुरे. क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, असं शिकवायला लागलो, तर तिने मला गप्प केलं. म्हणाली, हे हुकूम ती आठ हिवाळे मागून ऐकत होती, माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ आहेत.

मग मी ढकलली. अगं, त्या पत्र्याला हात लावला की कातडी चिकटते. ताईच्या तळव्यांना थंडीत भेगा पडायच्या, त्या मला सुईमुळे वाटायच्या. छप्पन्न वर्षांचा झालो, आणि गाडीची मागची बाजू आज पहिल्यांदा पाहिली. पाय घसरला, गुडघ्यावर पडलो, उठून पुन्हा ढकलली. उतारावर ती हलकी झाली, आणि मी ओरडायच्या आत ताईने बरोब्बर क्षणी क्लच सोडला. दोन धक्के, धूर, आणि सुरू!

मी थांब थांब म्हणत धावलो. थांबली नाही. सरळ कोपऱ्यापर्यंत गेली, जिथवर मी आणि बाबा फेरी मारायचो तिथवर. मी धुरात उभा होतो, हात फुंकत. मग ब्रेक लागला. पोचलो तर ती चाक दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि रडत होती. मीही रडलो. तिला म्हणालो, चुकलं माझं. तिने मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि पलीकडे सरकली.

आतून परिचारिका येऊन सांगते आहे की सगळं नीट झालं. आता पुढचं लिहिता येत नाही. घरी यायला आठवडा लागेल, आणि बसने येईन. गाडी इथेच राहू दे म्हणतो. तुझी हरकत नसेल असं धरून चालतो, कारण जिन्यावरची बॅटरी तुला कधीच आवडली नव्हती.

तुझाच

२ मे

चि. साहेबांस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

अक्षर बघ. एका पानात बत्तीस ओळी, मोजून घे. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. पोस्टमास्तरांचा खिसा बाहेर आणला, तर म्हणाले, आतला सोयीचा होता.

गाडी शिकले. बेकरीवाल्यांनी शिकवली, त्यांच्या पायरीचा कोपरा त्यात गेला. परीक्षेत पहिल्या वेळी नापास, कारण डावीकडे वळल्यावर भोंगा वाजला आणि परीक्षक दचकून म्हणाले की विनाकारण वाजवला. दुसऱ्या वेळी मी उजवीकडेच वळत राहिले. पास झाले. शिकवताना बेकरीवाल्यांना नवल वाटायचं की क्लच कधी सोडायचा हे मला सांगावं लागत नाही. त्यांना काय सांगणार? गाडी कधी उचलते ते माझ्या तळहातांना पाठ आहे.

उजव्या डोळ्याची तारीख जुलैची आहे. पण त्याआधी वहिनीला माहेरी जायचंय आणि तू पुन्हा तक्ता काढतो आहेस, असं तिने कळवलं. तक्ता फाड. २० तारखेला मीच गाडी घेऊन येते. दोघं खाली तयार राहा. तुमच्या आळीत उतार नाही असं वहिनी म्हणते. नसू दे. मी आत बसेन, ढकलायला तू आहेस.

लोभ आहे तसाच ठेव, आणि हातमोजे आण.

तुझी,
ताई