सुटसुटीत बॅकअप

११ नोव्हेंबर २००२, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली, छळ सुरू. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी एकटा. एसी आहे, शांतता आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात म्हणून कोणी फिरकत नाही. मोठं काम करायला आदर्श जागा. पण हा इंटरकॉम! सगळ्या कॉलेजचं एकच कानडी रडगाणं: "सुमंत अण्णा, बॅकअप आगवल्दु री." होत नाही म्हणे.

खरं तर काय करायचं असतं? घरी जाताना आपल्या कॉम्प्युटरवर 'बॅकअप'वर क्लिक. दिवसभराच्या फाइली माझ्या सर्व्हरवर कॉपी होतात. पण प्रोग्राम जुना झालाय. चार वर्षांपूर्वी अॅडमिशनच्या कौसल्या मॅडमसाठी लिहिला. अकाउंट्सच्या गुरुराजने मागितला, तेव्हा तोच मजकूर खाली चिकटवून नाव बदललं. मग लायब्ररीच्या भारतीला हवा झाला. असं करत करत मारुतीच्या शेपटासारखा वाढलाय. दरेकाला तेच तेच वेगळं लिहिलेलं, त्यामुळे दरेकाचं वेगळं बिघडतं.

संकल्प: सगळ्यांसाठी मिळून एकच. शुक्रवारपर्यंत. मग फोन बंद आणि मी मोकळा. मोकळं होऊन काय करायचं ते शनिवारी ठरवीन.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
कामाला बसलो आणि भारतीचा फोन. ती रोज रेल्वेने अळणावरहून येते, संध्याकाळच्या गाडीला पळायचं असतं. कॉपी अडकली होती. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहिली होती, बस. अर्ध्या मिनिटाचं काम. उरलेला पाव तास: सासूबाईंचा गुडघा, लक्ष्मणरावांनी लावलेला भात, त्यातला रानडुकरांनी खाल्लेला भात. लक्ष्मणराव म्हणजे तिचे यजमान. शेवटी नेहमीचं, "अण्णा, डबा खाल्लात का?" दुपारचे चार वाजून गेलेले! खाल्ला नव्हता, म्हणून खाल्ला. एकाग्रता मोडली ती मोडलीच. आज काम नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
काम अर्धवट. जुना प्रोग्राम आधी वाचावा लागतो, हे हिशेबात धरलं नव्हतं. काय काय घालून ठेवलंय मी त्यात! गुरुराजला पडद्यावर दिसायचं, "आधी फाइल बंद कर, मग देवाचं नाव घे." मॅडमना, "हे प्रिंटरचं बटण नव्हे." भारतीला, "गाडी चुकली तर मी जबाबदार नाही." वाचता वाचता एकटाच हसलो. पण प्रोफेशनल प्रोग्राममध्ये असला पोरकटपणा चालत नाही. सगळं काढलं. नावंही काढली. नावाच्या जागी आता %1. म्हणजे जो कोणी येईल तो.

१७ नोव्हेंबर, रविवार
खोली झाडली. कपडे धुतले. घरमालकीण अंबूताई लेकीकडे बेळगावला गेल्यात, त्यामुळे जिन्यावर पावलं नाहीत, की "सुमंता, सार उरलंय, नेतोस का?" नाही. आमची सप्तापूरची वस्ती एरवी पोरांनी गजबजलेली असते, पण युनिव्हर्सिटीला अजून सुट्टी. दुपारी कुठेतरी घंटी वाजली. उठून बसलो. शेजारच्यांची होती. रविवारी फोन नसतात म्हणून किती बरं वाटतं. साडेसातलाच झोपलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
नवा प्रोग्राम तयार. आधीचा तीन पानं छापला जायचा, हा पोस्टकार्डावर मावेल. चार वाजता प्रात्यक्षिक ठेवलं, सगळ्यांना कळवलं, कॅंटीनमधून पाच प्लेट चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं. गुरुराज आला. दारातूनच "छलो आग्यैत्री, छान झालंय" म्हणाला, चपला काढायला नकोत म्हणून आत आला नाही. प्लेट घेऊन गेला. बाकीच्यांना कामं असणार, अॅडमिशनचे दिवस. (अॅडमिशनचे दिवस जूनमध्ये असतात. पण काही तरी असणारच.) गिरमिट मऊ पडलं तरी चांगलं लागतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
फार वाईट दिवस! नव्या प्रोग्रामला, फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की ती दोन नावं वाटतात. आणि मोकळी जागा सगळ्यांच्याच नावात. संध्याकाळी इंटरकॉम थांबेना. खाली गेलो. मॅडमच्या टेबलाभोवती सगळे जमलेले, मला पाहताच एकदम ओरडा. गुरुराज म्हणाला, जुनाच बरा होता, निदान शिव्या तरी द्यायचा. मॅडमनी जबरदस्तीने चहा पाजला. वर चिवडा. भारतीची गाडी चुकली, मला म्हणाली आता तुम्हीच बसस्टँडवर सोडा. स्कूटरवरून सोडलं. बस लागेपर्यंत थांबलो, वाटाण्याच्या शेंगा खाल्ल्या. घरी यायला आठ वाजले. असला मनस्ताप पुन्हा नको. उद्या पक्कं दुरुस्त करतो.

२० नोव्हेंबर, बुधवार
केलं. नावाभोवती दोन अवतरणचिन्हं घालायची होती.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
आठवडा झाला. एकही तक्रार नाही. रोज सकाळी सर्व्हर बघतो, सगळ्यांच्या फाइली जागेवर. शंभर टक्के यश. प्रिन्सिपॉल सर जिन्यात भेटले तेव्हा सहज विषय काढला. ते म्हणाले, कसला बॅकअप? यशाची हीच खूण, कळतसुद्धा नाही.

डबा चारला खाल्ला. आठवणीने.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
इंटरकॉम बिघडलाय अशी शंका. उचलून पाहिला, आवाज येतो. पण आत येणारे फोन वेगळ्या तारेने येत असतील. इलेक्ट्रिशियन तुकारामला बोलावलं. त्याने खालून फोन लावला, घंटी खणखणीत वाजली. मी उचलला. "सरी ऐत्री, ठीक आहे," म्हणाला, आणि ठेवला. मी आणखी काही विचारणार होतो.

३ डिसेंबर, मंगळवार
पाहणीसाठी खाली गेलो. मॅडम माझ्याकडे बघून घाबरल्या. "एन केट्टैत्री?" काय बिघडलं? म्हटलं काही नाही. मग का आलात, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण हात की-बोर्डवर तसाच ठेवून बसल्या. अकाउंट्समध्येही तेच. लायब्ररीत भारती नव्हती, आधीच्या गाडीने गेली. बॅकअप लवकर उरकतो ना आता.

वर आलो. खोटं कशाला, फार एकटं वाटलं. एसी बंद केला, तो जास्त गार झाला होता.

९ डिसेंबर, सोमवार
प्रोग्राममध्ये एक उणीव सापडली. माणसाला काही अडलं तर जायचं कुठे? युजर-फ्रेंडली नाही. म्हणून एक ओळ घातली: बॅकअप झाला की पडदा थांबतो आणि दिसतं, "काही अडचण असल्यास सुमंत, इंटरकॉम ३१. पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा." प्रोग्राम सुटसुटीत असल्याने एकदाच लिहिली, सगळ्यांकडे गेली. उद्यापासून थोडाफार त्रास होईल. सहन करीन.

११ डिसेंबर, बुधवार
लोक संकोची असतात. दोन-चार दिवस द्यायला हवेत.

१३ डिसेंबर, शुक्रवार
फोन!! सव्वाचार. भारती.

माझ्या तोंडून आधी "गुडघा कसा आहे?" असंच निघालं. म्हणाली, बरा आहे. आवाज अवघडलेला. मग म्हणाली, अण्णा, रागावू नका, ते तुमच्या नावाचं शेवटी येतं ना, तिथे सगळं अडून राहतं. आम्ही उठून जातो, सकाळी बघावं तर कॉम्प्युटर तसाच थांबलेला. मॅडम आणि गुरुराज अण्णा म्हणाले, तूच सांग, तुझं ऐकतात. ते काढता येईल का?

म्हटलं, येईल की. त्यात काय.

"थँक्स री अण्णा," म्हणाली. गाडीची वेळ झाली होती, ठेवला.

लगेच बसलो. जुना प्रोग्राम असता तर दरेकाच्या भागात जाऊन वेगवेगळं काढावं लागलं असतं, संध्याकाळ गेली असती. आता एक ओळ पुसली आणि माझं नाव सगळ्यांकडून एकदम गेलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. प्रोग्राम खरंच चांगला झालाय.