तुझ्या दिवाणखान्यातलं हसू

प्रिय दादा,

रविवारी मी ताटावरून उठून छोटीला घेऊन निघालो, तेव्हा वहिनीला वाटलं असेल, माझ्या चष्म्याच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक खोळंबलंय. गिऱ्हाईकबिऱ्हाईक कुणी नव्हतं. मला शिसारी आली होती, आणि ती अजून जात नाही.

छोटीची आई आणि तिची जोडीदारीण, त्या दोघींत नवरा कोण, असं तुझ्या भागीदाराने विचारलं आणि तुम्ही सगळे खो-खो हसलात. केस कापलेत म्हणजे छोटीची आईच असणार, असा निकालही लावून टाकलात. अरे, ती पोहायला शिकवते, दिवसभर पाण्यात असते. आमचं लग्न झालं तेव्हाही केस तेवढेच होते! वहिनी माझी कीव करत म्हणाली, माझ्यातच काहीतरी कमी असेल, म्हणून ती बाईकडे वळली. कुणीतरी डोळा मारून विचारलं, दोघींना एकत्र कधी बघितलंय का. माझ्या मुलीच्या आईबद्दल, दादा. आणि तू पाणी पीत बसलास.

मी कमी पडलो नाही, की कुणी तिला फूसही लावली नाही. ती पहिल्यापासून तशीच. घरच्यांच्या धाकाने माझ्याशी लग्न केलं आणि एका छताखाली आम्ही दोघंही एकेकटे राहिलो. वेगळे होताना खूप रडलो, पण सुटल्यासारखंही वाटलं. तिची जोडीदारीण तिला भेटली ती त्यानंतर.

त्या दुपारी छोटीला सोडायला त्यांच्याकडे गेलो. दारातच पोरगी भडाभडा ओकली. पडदे शिवणारी ती बाई, जिला तुम्ही घर मोडणारी म्हणता, तिने पटकन ओंजळ पुढे केली. कपाळावर साधी आठी नाही. मग ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला यावरून दोघी भांडल्या, अगदी तू आणि वहिनी भांडता तशा. नवरा शोधणाऱ्यांनी ते भांडण ऐकायला हवं होतं.

काही बाधलं असेल, असं आम्हाला वाटलं. तोंड धुतल्यावर छोटी माझ्या कानाशी आली. तुम्ही हसत होता तेव्हा ती दाराआड उभी होती, दादा. तिने विचारलं, बाबा, माझी आई घाणेरडी आहे का? मी तिला जवळ घेऊन ‘नाही’ म्हटलं. पण हे ती तुझ्या घरात ऐकून आली, तेव्हा माझं एकट्याचं ‘नाही’ पुरणार नाही. तू तिच्या आईच्या घरी ये, छोटीला समोर बसव आणि स्वतःच्या तोंडाने सांग, तिची आई घाणेरडी नाही. तोवर आम्ही बापलेक तुझ्या घराची पायरी चढणार नाही.

तुझाच, म्हणून तर एवढा चिडलेला,
धाकटा