मयुरीच्या हळदीचा बाजा

१७ एप्रिल २०११, रविवार
पुरवणीचा लेख वेळेआधी पाठवला, म्हणून दिवस माझा. मोठा जपानी सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, काल दुरुस्त होऊन आला. माझ्याकडचा सगळ्यात जुना. आत आवाज काढणारे दोन ऑसिलेटर. एक पट्टी दाबली की दोन आवाज एकत्र निघतात. दुरुस्तीवाल्या डिसोझांनी नव्यासारखा करून दिलाय. खालपासून वरपर्यंत काटेकोर सुरात. दुपारभर एकेक स्वर धरून बसले होते. अविनाश स्वयंपाकघरातून, "कुकरची शिट्टी झाली की तुझ्या मशीनची?" बायको सिंथ जमवते हे नवऱ्याने हसून घ्यायचं म्हणजे... घेतो बिचारा.

१९ एप्रिल, मंगळवार
हरेशचा फोन. हा सिंथ त्याच्याकडूनच घेतलेला. उरणच्या मोरा कोळीवाड्यातला. आता न्हावा शेव्याला कामाला, पूर्वी हळदीत वाजवणारी बँडपार्टी चालवायचा. उरणच्या एका चाचांनी बहरीनहून आणलेला सिंथ त्याने घेतला आणि आख्ख्या किनाऱ्यावर वाजवला. माझ्याकडे आला तेव्हा बंद पडलेला, त्यामुळे त्याच्या हातचा मी कधी ऐकलाच नाही.
"ताई, मयुरीचं लगीन ठरलं. सात मेला हलद. आपला बाजा द्याल काय एक दिवस?"
द्याल काय म्हणजे काय!
"पोरीला लहानपनापासून सांगतोय, तुझ्या हलदीला बापूस वाजवनार. त्याच आवाजात."
तो आवाज म्हणजे सनई म्हणावी तर नाही. खाली खणखणीत, वर गेला की रडवेला, आणि त्यावरच लोक नाचतात. असं हरेश म्हणतो. कधी एकदा ऐकते असं झालंय.

२४ एप्रिल, रविवार
हरेश आणि त्याची बायको जयवंती आले. तिने सुकट आणली, मी आंबे दिले. बटणांच्या बाजूला लाल ठिपके आहेत ते तिच्या नेलपॉलिशचे. मंडपातल्या अंधारात नवऱ्याला बटणांच्या जागा दिसाव्यात म्हणून लावलेले. दुरुस्तीच्या वेळी मी ते पुसू दिले नव्हते, त्यावर ती खूश.
प्रत्येक बटण ठिपक्यावर आणलं. हरेशने वाजवलं. थांबला. पुन्हा वाजवलं.
"ह्यो नाय."
जयवंती, "याच्यावर कोन नाचंल? प्रार्थना वाटते शालंतली."
मग फिल्टर, मग दुसरे स्पीकर, मग बाकीचे सिंथ एकेक करून. नव्या डिजिटलमध्ये शेकडो आवाज; हरेश एकेक दाबत गेला. "बासरी हाय. घंटा हाय. कुत्रा पन हाय. आपला तेवढा नाय."
हसलो सगळे. पण निघताना चपला घालत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. डीजे सांगतो." चेहरा बघवेना.

२६ एप्रिल, मंगळवार
डिसोझांना फोन. "मॅडम, मी एकही दोष ठेवलेला नाही." अभिमानाने. खरंच आहे ते.
संपादकीय पानाचा मजकूर दिला. घरी येऊन पुन्हा ठिपक्यांवर. काहीतरी राहतंय, पण काय ते...

२८ एप्रिल, गुरुवार
हरेशला म्हटलं, डीजेला अजून सांगू नकोस. तुझे जुने भोंगे आहेत ना घरी, त्यांवर ऐकू. कदाचित आवाज त्यांचाच असेल. "या मग रविवारी. मासं खाऊन जा, आवाज नाय मिलाला तर."

१ मे, रविवार
लिहिताना हात थांबत नाहीये.
सिंथ टेम्पोत घालून मोऱ्याला. वाटेत कंटेनरची रांग, नेहमीचीच. हरेशच्या अंगणात टेबलावर मांडला, भोंगे जोडले. तीच प्रार्थना. भोंग्यांचा दोष नव्हता. जयवंतीने जेवायला हाक मारली, आणि मी, एवढी जपणारी, सिंथ चालू ठेवून, उघड्या उन्हात सोडून आत गेले. पापलेटचं कालवण होतं.
बाहेर येऊन हात लावला तर पत्रा चटका देतोय. बंद करायला धावले. तेवढ्यात हरेशने सहज दोन पट्ट्या दाबल्या.
"हाच! ताई, हाच! बंद नका करू!"
जयवंती उष्ट्या हाताने बाहेर. शेजारच्या दारांतून बाया. एक म्हातारी म्हणाली, "हरेशचा बाजा! किती वर्सांनी!"
वरच्या सुरांत तो खरंच रडवेला होतो.
आता कळलं. तापला की दुसरा ऑसिलेटर सरकतो. खाली थोडासा, वर जास्त. दोन आवाज फाकतात आणि त्या फटीतून तो सूर येतो. बटण फिरवून हे जमत नाही, ते सगळीकडे सारखंच सरकवतं. वर्षानुवर्षं मंडपातल्या उकाड्यात, खाऱ्या हवेत तो बिघडत गेला आणि हरेशचा झाला. मी हौसेने काढून टाकलेला आणि उन्हाने परत आणलेला तो दोष म्हणजेच हरेशचा आवाज.
"तुमी त्याला आंघोल घातली ताई," हरेश म्हणाला, "आन् वास गेला."

३ मे, मंगळवार
नवी चिंता. हळद संध्याकाळची, समुद्राचा वारा. बाजा थंड झाला की पुन्हा प्रार्थना.
आतले स्क्रू फिरवून बिघडवता येईल, डिसोझा म्हणतात (दुखावलेल्या सुरात), पण नेमका तेवढाच बिघडेल याची खात्री नाही. हरेश नकोच म्हणतो. हळद दुपारी घ्यावी तर लग्नाचे धवले गाणारी धवलारीण ऐकत नाही. जयवंतीला म्हणाली, "बाज्यासाठी मुहूर्त हालवतेस? मग बाज्यालाच हलद लाव!"
हरेशने डेकोरेशनवाल्याकडे एक जादा हॅलोजन दिवा मागितलाय, बाज्यावर मारून तो गरम ठेवायला. बघू.

८ मे, रविवार
काल हळद झाली. कानातला आवाज अजून उतरला नाही आणि पाय दुखतायत.
बाजा दुपारभर उन्हात. आधी धवलारिणीचे धवले, मग हरेश. पहिल्या गाण्याला अंगण उठलं. दुसऱ्याच्या मध्यावर वारा सुटला आणि वरचे सूर शहाण्यासारखे सरळ होऊ लागले. हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी हॅलोजनकडे. तो नवरीवर!
जयवंती, कोपरापर्यंत पिवळी, ओरडली, "अरे, दिवा बाज्यावर मार! नवरी काय पलून नाय चालली!"
मयुरी अर्ध्या अंधारात, हसून लोळायची बाकी. हरेश वाजवतच राहिला. गाणं संपता संपता सूर फाकायला लागला, हळूहळू, आणि आधी म्हाताऱ्या बाया उठल्या. मयुरी पाटावरून उठून बापासमोर नाचली. त्याने पट्ट्यांवरून नजर काढली नाही. काढली असती तर वाजवणं झालं नसतं.
मीही नाचले. अविनाशही! फोटो नाहीत, बरंय.

११ मे, बुधवार
लेख उशिरा दिला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. फोनवर संपादक, "तब्येत बरी आहे ना?"
सिंथ अजून मोऱ्यालाच. आज आणायचा होता. सकाळीच हरेशचा फोन. मयुरीच्या दिराची हळद आहे रेवसला, महिनाअखेरीस, आणि तिच्या सासऱ्यांनी तोच बाजा हवा म्हणून हट्ट धरलाय. तोवर त्याच्याकडे राहू देईन का, असं विचारलं. आणि त्यानंतरही...? एवढं बोलून विषय बदलला. "आन् तुमी येनार ना, ताई?"
येणार, असं लगेच सांगितलं. बाज्याचं उद्या सांगते म्हटलं.